तांबड्या दारूतली पांढरी द्राक्षं

कुसुमच्या वडिलांना गाठून लग्नाचं विचारायचंच, असं मी अडुसष्टच्या मे महिन्यात ठरवलं. अकोल्याचं शेतकी कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच प्राध्यापकांशी भांडून सोडलं होतं. आम्ही देशमुख, ते छप्पन सालापासून बौद्ध. घरी कळतं तर उंबरा बंद झाला असता. त्यामुळे आपण फार मोठं काही करून राहिलो, अशी माझी समजूत.

खिशात कॉलेजच्या वाचनालयातल्या मासिकाचं फाडलेलं पान होतं. इटलीतल्या चियान्ती नावाच्या दारूवर. कुसुमचे वडील, हवालदारकाका, दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर तिकडे होते. आता तिथल्या नव्या कायद्यानं त्या दारूत चालणारे द्राक्षांचे वाण ठरवून दिलेत : सांजोवेझे, कनायोलो ही काळी, त्रेब्बियानो, माल्वाझिया ही पांढरी. दारू तांबडी, पण पांढरी द्राक्षं घातल्याशिवाय तिला चियान्ती म्हणता येत नाही. दारूबंदीच्या राज्यात मी थेंब चाखला नव्हता, पण मुद्दा मिळाला होता.

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्यांनी सकाळची पहिली एस.टी. धरावी आणि डावीकडे बसावं, ऊन कमी लागतं. मूर्तिजापूरला भजी गरम मिळतात. चहा मात्र नुसता पाक. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा घाम पाहून विचारलं, पोरगी पाहाले चालला काय? पाहिलेली आहे म्हटलं.

"मंग बाप पाहाले चालला," तो म्हणाला आणि बडनेऱ्यापर्यंत हसत राहिला.

अमरावतीत फ्रेजरपुऱ्याला सायकलरिक्षावाला आठ आणे मागतो, सहात येतो. काकांनी ताक दिलं. कोनाड्यात विणलेल्या गवतात गुंडाळलेली, गोल पोटाची बाटली होती, आता जवसाच्या तेलाची झालेली. लढाईच्या वेळी इटलीतल्या एका शेतकऱ्यानं तांबडी दारू भरून दिली होती म्हणे. मला आयतीच वाट मिळाली. मी पान वाचून दाखवलं आणि म्हणालो, आपली सोयरिकही अशीच. कुसुम दारात उभी होती.

काका शांतपणे म्हणाले, "मंग यात पांढरं कोन, देशमुख? तुमी का आमी?"

मी आवाज चढवला. जात सोडतो, घर सोडतो, जमिनीतला वाटा सोडतो, सगळं बोललो. त्यांनी बोलू दिलं.

"जातीचं मी इचारलंच नाई. कॉलेज काहून सोडलं?"

प्राध्यापक सगळ्यांसमोर मला टाकून बोलले, मी सांगितलं.

"एका बोलण्यानं सोडलं. आमच्या पोरांनी कायकाय आयकलं, पन बाक नाई सोडला. माही पोरगी यंदा बी.ए. होते. अर्धवटाले मी देत नाई."

मी कुसुमकडे पाहिलं. तू तरी बोल, म्हटलं.

"बाबा बरोबर बोलून राहिले," ती म्हणाली आणि ताकाचा पेला उचलून आत गेली.

संध्याकाळी अकोल्यात उतरलो. रस्ता चांगला आहे, चार तासही लागत नाहीत, जरूर जावं. मी काय आणलं तिथून? जातीनं अडवलं असतं तर आयुष्यभर मिरवलं असतं. तेवढंही हाती लागलं नाही. कॉलेजचे अर्ज पुढच्या महिन्यात निघतील. कारकुनासमोर उभं राहायचं नुसतं मनात आलं तरी कानशिलं तापतात.

स्टँडाबाहेर दोस्त थांबलेच होते. जातीवरून नाकारलं ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. चहा त्यांनीच पाजला.