एका जागेवर दोन नावं

वडनेर भोलजीत आमचा तूर निवडायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि तुरीतले खडे, काडीकचरा काढणाऱ्या अठरा बाया. कोण सकाळच्या पाळीत, कोण दुपारच्या, हे मी दर सोमवारी फळ्यावर खडूनं लिहिते. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकाला त्या फळ्याची लाज वाटायची. सुट्टीत आला तो पाळ्या लावायची तीन सॉफ्टवेअर निवडूनच. "फळा काही मोडला नाही बे," मी म्हटलं. ऐकेल तर शपथ!

पहिलं सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरायला मिळालं. बायांनी दारातल्या मोबाइलवर आपल्या नावाला बोट लावायचं आणि चेहरा दाखवायचा. घोळ झाला तो दोघी जावांचा. त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून दोघींत मिळून एक जागा. आज थोरली कामावर, उद्या धाकटी. फळ्यावर मी थोरलीचंच नाव लिहायचे, जी येईल ती बसायची. धाकटीनं मोबाइलवरही तेच केलं: नाव थोरलीचं, चेहरा आपला. तीनदा असं झालं आणि सॉफ्टवेअरनं पुढच्या आठवड्यातून ते नावच उडवलं.

सोमवारी थोरली दारात उभी. "काकू, माह्यं नाव काऊन नाही? आमी दोघीनं आता कुठं जाव?"

लेक म्हणाला, "आई, दोघींपैकी एकीलाच ठेव ना."

"मंग एकीनं रोज सासू उचलाव अन् दुसरीनं रोज इथं कंबर मोडाव? नाही जमत!"

उरलेल्या दोन्ही कंपन्यांना मी स्वतः फोन लावला. एकच प्रश्न विचारला, एका जागेवर दोन नावं बसतात का? एका कंपनीचा माणूस मलाच शिस्त शिकवायला लागला. त्याचा फोन मी कापला. दुसऱ्या कंपनीतली मुलगी म्हणाली, बसतात, पण कोणी किती काम केलं ते वेगवेगळं दिसणार नाही. म्हटलं, नाही दिसलं तरी चालेल.

लेक वैतागला. "म्हणजे बोगस हजेरी चालावी म्हणून आपण सॉफ्टवेअर घ्यायचं?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"तू झाला तवा मी दुसऱ्याच्या शेडात तूरच निवडत होती. सव्वा महिना माह्या जागेवर तुही मोठी माय, माही थोरली जाऊ, बसली. मुकादम माह्यं नाव पुकारे अन् ते 'हाव, हजर' म्हणे. म्हणून बाळंतपणानंतर माही जागा शाबूत राह्यली, म्हणून तू शिकला. ते बोगस होतं का बे?"

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि एका जागेवर दोन्ही जावांची नावं भरायला घेतली.

"आधी कोणाचं लिहू?" त्यानं विचारलं.

"आज जे आली तिचं."