वाढवली म्हणजे बंद

माझं नाव कोकिळा, पण आवाज गिरणीचा. इतकी वर्षं पिठाच्या गिरणीजवळ उभं राहून बोलायचं म्हणजे ओरडायचंच. घरात मी मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटी घेऊन दारात येते. वरवट बकालला बस थांबते तिथून आत वळलं की माझी गिरणी लागते. आमचे मालक शेत बघतात, मी गिरणी बघते, आणि भांडायचं खातंही माझ्याकडेच आहे.

सांगायचं आहे सारिका मॅडमबद्दल. आधी माझं सांगितलं, कारण त्यांची-माझी ओळखच भांडणातून झाली.

सारिका मॅडम मेहकरकडच्या. वडील वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजारात विकतात. बाई बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकल्या, पुण्यात वर्षभर नोकरी केली, आणि लग्न होऊन आमच्या भागात आल्या. अंगानं बारीक, चालणं झपझप, आणि सांगायची गोष्ट पुरी व्हायच्या आधी स्वतःच हसून मोकळ्या. ‘का’ विचारायला आम्ही ‘काऊन’ म्हणतो, त्या ‘कामून’ म्हणतात, यावरून गावातल्या पोरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात चिडवून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. आमच्या शाळेत त्या मुलांना कोडिंग आणि मोबाईलवरचं ॲप बनवायला शिकवणार, असं कळलं तेव्हा मी गिरणीत उभ्या असलेल्या चार बायांना म्हटलं, मोबाईल कशाला शिकवायला पाहिजे, आजची पोरं पोटातूनच शिकून येतात.

माझी पुष्पांजली तेव्हा आठवीत. एक दिवस ती डबाभर पीठ घेऊन गेली, मॅडमनी मागितलंय म्हणाली. संध्याकाळी परत आली ती हसत हसत, आणि पिठाचा वर्गात चिखल झाल्याचं सांगायला लागली. माझं डोकं फिरलं. पीठ म्हणजे काय रांगोळी आहे? दुसऱ्या दिवशी मी थेट वर्गाच्या दारात.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “कोकिळाताई, बसा. आज पाणीच आहे, पीठ नाही.” मग मुलांना म्हणाल्या, “मी मशीन आहे. मशीनला अक्कल नसते. तुम्ही सांगाल तेवढंच मी करणार. मला भाकर करायला लावा.”

शिवम नावाचा पोरगा उठला. “मॅडम, पीठ घ्या.” मॅडमनी रिकामा डबा पोराला उचलावा तसा कडेवर घेतला. “पाणी टाका.” त्यांनी तांब्या तिथंच फरशीवर उपडा केला. वर्ग खदखदून हसला. “काय चुकलं?” मॅडमनी विचारलं. “कशात टाका, किती टाका, ते सांगतलंच नाही!” पोरं ओरडली. मी दारात उभ्या उभ्या हसले, पण जाताना माझं पीठ भरून द्या म्हणायला विसरले नाही. त्या रविवारी माहेरून येताना त्यांनी मेथीच्या दोन जुड्या आणून दिल्या. इतकी कोवळी मेथी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती. भांडण मिटलं.

पुष्पांजलीला मात्र त्या वर्गाचं वेडच लागलं. कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, जर असं झालं तर तसं कर, असं यंत्राला सांगायचं. घरीही तेच. “माय, जर कुकरची शिट्टी झाली तर गॅस बारीक, नाही तर मोठा.” मला कौतुक वाटायचं. पण हळूहळू दुसरंही दिसायला लागलं. ती पुस्तकातलं बोलायला लागली. ‘मले’चं ‘मला’ झालं. एकदा गिऱ्हाइकासमोर तिनं मला टोकलं, “माय, इचार नाही, विचार.” मी हसून घेतलं. आत मात्र एक भीती जी बसली ती बसली. पोरगी शिकावी, खूप शिकावी, पण शिकून तिला माझी लाज वाटू नये, एवढंच माझं मागणं होतं. हे मी कोणाला बोलले नाही. असलं मागणं बोलून दाखवायचं तरी कोणाला?

नववीत मॅडमनी मुलांना सांगितलं, गावात फिरा, माणसांची अडचण काय ते बघा आणि त्यावर ॲप करा. पुष्पांजलीला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही. बाया डोक्यावर दळण घेऊन येतात, गिरणी थांबलेली बघतात आणि तसंच परत नेतात, जाताना दोन शब्द मला ऐकवून. तिनं ठरवलं, गिरणी चालू असली की फोनवर हिरवं, बंद असली की लाल, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही घरबसल्या कळेल. पण मी फोनवर बटण कसं दाबणार? माझे हात पिठाचे, फोनला बोट लागतच नाही. तर पोरीनं तेही हेरलं. “माय, तू नुसतं बोल. फोन ऐकीन.” तिनं माझ्या हातांचा एवढा विचार केला म्हणून मी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले.

पहिले काही दिवस छान गेले. सुट्ट्या होत्या, पोरगी घरीच, तीच फोनशी बोलायची. शाळा सुरू झाली तशी एका दुपारी मला शेतात जायचं होतं. फोनला सांगितलं, कुलूप लावलं आणि गेले. परत आले तर पायरीवर गीताबाई बसलेल्या, शेजारच्या वाडीतल्या, गुडघ्यानं अधू, बाजूला ज्वारीची पिशवी, चेहरा उन्हानं काळवंडलेला.

“काऊन वो कोकिळे, तुह्या पोरीचा मोबाईल खोटं बोलते का? सुनीनं मले हिरवं दाखोलं, म्हून मी आली. इथं पाह्यते तं कुलूप!”

मी फोन काढला. खरंच हिरवं. मग गीताबाईंचं पुरं ऐकून घेतलं, त्यांचं दळण आधी काढलं, आणि पुष्पांजली शाळेतून आल्या आल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर बरसले. “ज्या यंत्राले तुह्या मायचं बोलनं समजत नाही, ते काय चुलीत घालू?” पोरीनं दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, “मी आता त्या वर्गात जात नाही. बुलढाण्याच्या प्रदर्शनालेही जात नाही.”

तिचं ॲप जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं होतं. ती खरंच जाईना. दोन दिवस वर्गाच्या वेळी ती घरात भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तिसऱ्या दिवशी सारिका मॅडम गिरणीत आल्या आणि गव्हाच्या पोत्यावर बसल्या. नवा ड्रेस पांढरा झाला तरी उठल्या नाहीत.

“कोकिळाताई, फोनला तुम्ही नेमकं काय म्हटलं होतं?”

“काय म्हनन? गिरणी वाढवली, म्हनलं.”

“म्हणजे बंद केली.”

“तेच तं.”

“मग बंद कामून नाही म्हटलं?”

मला रागच आला. “चालत्या गिरणीले बंद म्हनू? तोंड जळन ना माह्यं! बांगडी फुटली तं आपन वाढवली म्हनतो, नारळ वाढवतो, दुकान वाढवतो. जे आपल्याले जगवते त्याले बंद म्हनायचं नाही, असं सासूनं पहिल्याच दिवशी शिकोलं मले.”

मॅडम हसल्या नाहीत. पुष्पांजली आतल्या दारात येऊन उभी होती. त्यांनी तिला विचारलं, “हा शब्द तुला माहीत नव्हता?”

“माहीत होता. रोज ऐकते ना.”

“मग फोनला ओळखायला का नाही सांगितला?”

पोरगी खाली बघत म्हणाली, “पुस्तकात बंद असते. पोरं हसले असते. अन् मॅडम, तुमच्यासमोर मायचं बोलनं कसं लिहू?”

मी गिरणीचं बटण दाबून पट्टा थांबवला. ज्याची भीती होती तेच माझ्या समोर, माझ्याच दारात उभं होतं.

सारिका मॅडमनी पोरीला बोल लावला नाही. मला समजावतही बसल्या नाहीत. त्या आपलं सांगायला लागल्या. “पुण्यात मी एकदा मीटिंगमध्ये ‘कामून’ म्हटलं. माणसं चांगली होती, वाईट हेतूनं नाही हसली. पण मी दुसऱ्या दिवसापासून आधी मनात वाक्य दुरुस्त करायचे, मग बोलायचे. तोवर दुसरा कोणी बोलून गेलेला असायचा. वर्षभर मी जवळजवळ गप्पच होते. पुष्पांजली, तुझ्या ॲपमध्ये चूक एवढीच आहे की ते ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच ते ओळखत नाही. चूक सापडली की अर्धं काम झालं. आता कोकिळाताई, उद्या तुम्ही वर्गात यायचं.”

“मी? मी काय शिकोनार तिथं?”

“तुम्ही फक्त बोला. आम्ही लिहून घेऊ.”

मी गेले. चांगलं लुगडं नेसून गेले, खोटं कशाला बोलू. सारिका मॅडम मागच्या बाकावर पोरांत जाऊन बसल्या आणि मला फळ्याजवळ उभं केलं. पुष्पांजली कोपऱ्यात, मान खाली. मी सांगायला लागले. गिरणी वाढवली. लाईन गेली. पट्टा उतरला. दगडाले टाकी लावून राह्यलो, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं खाचा पाडतोय. आता नाही, मंग या. हे सगळं म्हणजे लाल. पोरं हसली, हो, पण मग शिवम उठून म्हणाला, “आमचा बाबा किराना दुकान वाढोते तवा नुसतं ‘चला’ म्हनते.” दुसरी म्हणाली, “माही आजी ‘हाव’ म्हनते, फोनले ‘हो’च समजते.” मग जो तो आपल्या घरातलं बोलणं सांगायला लागला, वर्गात कोणाचं कोणाला ऐकू येईना, आणि मॅडम मागून ओरडल्या, “एकेक जण! मशीनला अक्कल नसते!” त्या गोंधळात कधीतरी पुष्पांजली उठली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मला बघून हसलीबिसली नाही. बसली एवढंच.

बुलढाण्याच्या प्रदर्शनाला मी बरोबर गेले. खामगावला गाडी बदलली, घाट चढून वर गेलो. सभागृहात शंभर पोरं, टाय घातलेली, फाडफाड बोलणारी. पुष्पांजलीनं सांगायचं सगळं पाठ केलं होतं, पुस्तकी मराठीत, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. मला ते ऐकून बरंही वाटत होतं आणि नव्हतंही.

परीक्षक बाई आल्या. बोलायला गोड. सगळं ऐकलं, फोन हातात घेऊन बघितला आणि विचारलं, “इथं हे ‘वाढवली’ आहे, म्हणजे गिरणीची वेळ वाढवली, असंच ना?”

पोरीच्या पाठ केलेल्यात हा प्रश्न नव्हता. मला वाटलं, ही आता ‘हो’ म्हणेल आणि सुटेल. मी असताना तिला अवघड जाऊ नये म्हणून मी मागे सरकले, माणसांच्या आड झाले. सारिका मॅडम टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. त्या मदतीला पुढं झाल्या नाहीत. त्यांनी काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं.

पुष्पांजलीनं इकडं तिकडं बघितलं. आणि माझा आवाज जिच्यात उतरलाय तिनं त्या भरल्या सभागृहात हाक मारली, “माय! वो माय! इकडे ये ना!”

मी पुढे झाले. तिनं माझा हात धरला आणि परीक्षक बाईंना म्हणाली, “ही माही माय हाय. गिरणी हिची हाय. आमच्या घरी गिरणीले बंद म्हनत नाहीत, वाढवली म्हनतात. हा शब्द मी हिच्यापासून घेतला.”

बाई “वा” म्हणाल्या, लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. बक्षीस दुसऱ्याच शाळेला मिळालं, त्यांनी विहिरीच्या मोटारीचं काहीतरी केलं होतं आणि ते खरंच चांगलं होतं.

परतीच्या गाडीत पोरगी खिडकीशी, मधे मी, पलीकडे सारिका मॅडम. घाट उतरताना मी हळूच विचारलं, माझ्या हळू आवाजात, म्हणजे कंडक्टरलाही ऐकू गेलं असेल, “मॅडम, मायले बोलाव म्हून तुम्ही तिले आधी सांगून ठेवलं होतं का?”

“नाही हो, कोकिळाताई. मला तर वाटलं तुम्ही पाणी प्यायला गेल्या.”

तिथं मला रडू फुटलं. आवरेना. त्या बाईचे उपकार कसे सांगावेत, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. लोक म्हणतात, मॅडमनी पोरांना कॉम्प्युटर शिकवला. शिकवला, खरंच आहे. पण माझी पोरगी माझ्या हातून सुटत चालली होती, ती त्यांनी मला परत मिळवून दिली, आणि आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुष्पांजली घाबरली. “माय, काऊन रडून राह्यली? बक्षीस नाही भेटलं म्हून?”

“आनंद झाला म्हून रडून राह्यली,” मी म्हटलं, “अन् रडू दे मले.”