टाचा उचलणारं पोर

कोणतंही मूल समोर आलं की मिस्त्री आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघत. मग खुश होऊन विचारत, "वाढला का गा?" मुलगी असली तर, "वाढली का वं?" तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला जगातल्या एकाच गोष्टीचा मनापासून आनंद होतो. मिस्त्रींना मुलं वाढलेली आवडत.

धंतोलीत कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका लहानशा केंद्रात ते कारागीर होते आणि मी व्यवस्थापक. मोठ्या माणसाचा पाय एकदा बनवला की काही वर्षं निभावतो. मुलांचा लवकर तोकडा पडतो. एखादी आई कुरकुरली, "आताच तं बनवला होता जी," की मिस्त्री तिला दटावत, "माय, तोकडा पडला म्हणजे पोरगी वाढून राहिली ना! पेढे वाट पेढे."

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. भाड्याच्या एका खोलीत ते एकटेच राहत. रविवारी दुपारी मात्र बेसा भागातल्या आमच्या घरी जेवायला येत. त्यातही त्यांचा एक नियम होता. बोलावल्याशिवाय कुणाच्या पानावर बसायचं नाही. त्यामुळे ते दर रविवारी येणार हे ठरलेलं असलं, तरी दर रविवारी सकाळी मला फोन करून "या" म्हणावंच लागे.

"घरच्या माणसाले कायचं आवतन, मिस्त्री?" माझी बायको त्यांना चिडवायची.

"फोन आला की बरं वाटते वहिनी," ते म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी जेवणं झाल्यावर आमच्या मुलीनं टीव्हीवर एक सिनेमा लावला. त्यात एका बाईकडे यंत्राचा मुलगा असतो. बोलतो, हसतो, रुसतो, सगळं माणसासारखं. फक्त वाढत नाही. तरीही ती बाई दर वाढदिवसाला त्याला दाराच्या चौकटीशी उभं करते आणि डोक्याच्या उंचीला पेन्सिलची रेघ ओढते. रेघेवर रेघ पडत जाते. एका वर्षी ती रेघ ओढायला जवळ येते, तेव्हा मुलानं हळूच टाचा उचललेल्या असतात.

मिस्त्रींनी तेवढं दृश्य तीनदा मागं घ्यायला लावलं.

सिनेमा संपला तेव्हा मुलीनं विचारलं, "बाबा, तो माणूस की मशीन?"

"मशीन. आत वायरीच आहेत," मी म्हणालो.

"नाही भाऊ," मिस्त्री म्हणाले. "त्याले मालूम आहे का आपण वाढत नाही. तरी मायले बरं वाटावं म्हणून टाचा उचलते. मशीन कायले असं करते?"

"तसं प्रोग्रामिंग असते त्यात."

"मंग तुमच्या-माह्यात काय असते?"

मुलगी टाळ्या पिटून ओरडली, "बाबा औट!" बायकोही हसली.

मी का चिडलो ते सांगायला आजही लाज वाटते. माझ्या हाताखालच्या माणसानं मला माझ्याच घरात, माझ्या मुलीसमोर गप्प केलं, एवढंच कारण होतं. मी म्हणालो, "तुमाले काय समजते खऱ्या पोराचं? जिंदगीभर प्लास्टिकचे पायच तं बनवले."

मिस्त्रींनी आपला चहाचा कप स्वयंपाकघरात नेऊन विसळला, पालथा घातला. "येतो वहिनी," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

सोमवारी ते वेळेवर कामाला आले. काम नेहमीसारखंच चोख. फक्त इतकी वर्षं मला 'भाऊ' म्हणणारे मिस्त्री त्या दिवसापासून 'साहेब' म्हणू लागले.

पुढच्या रविवारी मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बायको म्हणाली, "करा ना गा, काय होते?" मी म्हणालो, त्यांना राग आलाय, थोडा निवळू दे. त्याच्या पुढच्या रविवारी ती काही बोलली नाही. एकदा कार्यशाळेत ते एकटे होते, तेव्हा मी धीर करून सुरुवात केली, "मिस्त्री, त्या दिवशी मी..." ते हातातल्या पायाला कानस मारत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, रामटेकची पोरगी बाहेर बसून आहे. पाय द्यायचा आहे तिचा." मी बाजूला झालो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. माझ्या मनानं त्याचा सोयीचा अर्थ काढला, की त्यांनाच आता आमच्याकडे यायचं नाही.

दिवाळीनंतर दोन दिवस ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला. झोपेतच गेले होते.

तेरवीनंतर मी त्यांच्या खोलीवर गेलो. केंद्रातली काही हत्यारं त्यांच्याकडे होती, ती आणायला. घरमालकीण म्हातारी होती. मला खालून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "बेसावाले भाऊ तुमीच काय?"

मी हो म्हणालो.

"तुमच्याकडं रविवारचे जेवाले जात ना ते? मंग मधात जाणं बंद काहून झालं, काही समजलं नाही बाई. रविवार आला की आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून इथं खुर्चीवर बसत. फोन मांडीवर. म्या म्हणो, जाणं आहे काय कुठं? तं म्हणत, 'फोन आला तं जाईन.'"

"कधीपर्यंत बसायचे?" मी विचारलं. मला विचारायचं होतं, किती महिने. तिला वाटलं, किती वाजेपर्यंत.

"दीड वाजेलोक. मंग आत जाऊन कुकर लावत."

रविवारी आम्ही बाराला जेवतो. दीडपर्यंत आमची भांडीसुद्धा घासून झालेली असत.