नांदेड ते लातूर, डाव्या चाकातला आवाज

कुणी हौसेनं लातूरला निघणार असेल तर आधीच सांगते, मी हौसेनं निघाले नव्हते. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम झालं होतं आणि शनिवारी मला फक्त झोपायचं होतं. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदाचे कानाचं मशीन बसवून घ्यायला तयार झाले. अट एकच, नांदेडात नाही. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली, चौकाचौकात ओळखीची माणसं. दवाखान्यात कुणी बघितलं तर ड्रायव्हर बहिरा झाला म्हणून गावभर बोभाटा होईल, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला नीट ऐकू येतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, हेही त्यांचंच म्हणणं. वर्षभर विनवण्या करून हा होकार मिळाला होता. आज हुकलं तर पुन्हा जमणार नाही, हे मला आणि आईला पक्कं ठाऊक होतं.

खरं तर हायवेनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत सरळ लातूर गाठावं. रस्ता चांगला आहे, डोक्याला ताप नाही. पण अण्णांना त्यांच्या जुन्या रूटनं जायचं होतं. लोह्यावरून कंधार आणि तिथून आतल्या रस्त्यानं अहमदपूर. तुम्ही तिकडून जाणार असाल तर घरी परतल्यावर कंबर शेकायची तयारी ठेवा. कंधारला स्टँडजवळ गरम भजी मिळाली, चहा मात्र नुसता पाक. किल्ला आतून बघायचं माझ्या फार मनात होतं, पण लातूरची वेळ घेतलेली होती. अण्णा दर फाट्यावर कोणती मुक्कामाची गाडी कुठं जायची ते सांगत होते. मी मान हलवत हाव हाव करत होते. मी काय बोलले असते तरी त्यांना अर्धंच पोचलं असतं.

कंधार सोडल्यावर एका वळणावर अर्धा रस्ता अडवून हुलगे पसरले होते. आमच्याकडे ही रीतच आहे. वाळलेले वेल रस्त्यावर टाकायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. कडेनं धोंडे लावलेले असतात. मी बाजूनं काढायला लागले तर अण्णांनी हात केला.

"वरूनच घाल. सगळेच बाजूनं गेले तर त्यायची मळणी कोण करील?"

ड्रायव्हरकीतला हा त्यांचा शिष्टाचार. मी घातली वरून. काठी टेकून बसलेल्या म्हातारीनं मान डोलावली, अण्णा खूश. उतरताना डावं चाक कडेच्या धोंड्यांना जरा घासलं, खडी उडाली, एवढंच.

थोडं पुढं गेलो आणि आवाज सुरू झाला. खर्रर्र, खर्रर्र. जात्यात खडा यावा तसा. माझे दात शिवशिवले. हे काय आता नवीन, म्हणून मी एकेक करून बघायला लागले. वेग वाढवला की आवाज वाढतो, कमी केला की कमी. उतारावर न्यूट्रल करून बघितली, आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही, गिअर नाही. ब्रेक दाबला की क्षणभर सूर बदलतो. पुलाच्या कठड्याजवळून जाताना डावीकडची काच खाली केली, आवाज कठड्यावर आदळून परत आला तेव्हा कळलं, पुढचं डावं चाक. अण्णांच्या अगदी पायाखाली.

त्यांना मोठ्यानं विचारलं, येतोय का आवाज? त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला, डोळे मिटले. गाडी ठणठणीत आहे, रस्ता खराब आहे, असा निकाल दिला. मी पुन्हा म्हणाले, चाक वाजतंय. तर बाहेर बघत म्हणाले, "भ्या वाटत असंल तर फीर माघारी."

अस्सा राग आला म्हणून सांगू. त्यांना माघारीच फिरायचं होतं आणि गाडीनं निमित्त दिलं होतं. मी दात आवळून तिसाच्या वेगानं चालवत राहिले. मोटारसायकलवाले पुढं जाऊन मागं वळून बघत होते. ते का बघतायत, असं अण्णांनी दोनदा विचारलं. 

अहमदपूरच्या अलीकडं एक गॅरेज दिसलं. मिस्त्रीनं मला गाडी हळूहळू मागं-पुढं घ्यायला सांगितली आणि स्वतः खाली उतरलेल्या अण्णांशेजारी उभा राहिला. चाक फिरलं तसं त्यानं तोंड वाकडं करून कानात बोट घातलं. समोर पानटपरीवरच्या माणसानंही वळून बघितलं. अण्णा आधी चाकाकडं बघत होते. मग मिस्त्रीच्या तोंडाकडं बघायला लागले. मग टपरीकडं.

बाकी काम किरकोळ होतं. जॅक लावला, चाक काढलं. ब्रेकच्या डिस्कमागं एक पातळ पत्रा असतो, त्या दोघांच्या फटीत हुलग्याच्या राशीकडचा खडा अडकला होता. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरा मागं ओढला, खडा खाली पडला. खडीवरून गेल्यावर तुमची गाडी अशी वाजली तर घाबरू नका, पण घासत पळवूही नका, डिस्कवर चरे पडतात.

मी हात धुवत होते तेव्हा अण्णा जवळ आले. हळू बोलले. ते हळू बोलले की मला भीती वाटते.

"तुमाला समद्यायला आला आवाज," ते म्हणाले. "माझ्या पायाखाली हुता. मला न्हाई आला."

मी त्यांचा हात धरला. पुढच्या रस्त्यात त्यांनी एकाही फाट्याचं नाव सांगितलं नाही, आणि माघारी फिरायचा विषयही काढला नाही.

लातुरात पार्किंगसाठी तीन गल्ल्या फिरले, डोकं उठलं. दवाखान्यात मात्र डॉक्टर विचारतील ते अण्णा गपगुमान सांगत होते. मशीन बसलं. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, लई गलका हाय. बाहेर एका खानावळीत भाकरी-पिठलं खाल्लं, तिथंही ताटल्यांच्या आवाजानं दचकत होते. परतताना हायवेच धरला. चाकूरजवळ मी इंडिकेटर दिला तर त्यांनी विचारलं, हे टिकटिक काय, नवीन बसवलं का? म्हटलं, अण्णा, गाडी घेतल्यापासून आहे. 

घरी आल्यावर मी तशीच आडवी झाले. प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर पाठदुखी आणि न बघितलेला किल्ला. जुन्या रस्त्यानं गेल्याचा पस्तावा मात्र नाही.

रविवारी सकाळी अण्णांनी मला उठवून अंगणात नेलं. गाडी चालू कर म्हणाले. मी चावी फिरवली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर मान वाकवून उभे राहिले. पुन्हा काही बिघडलं का, म्हणून आई दारात आली. त्यांनी हातानंच नाही म्हटलं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, बंद करू का?

"राहू दे जरा," अण्णा म्हणाले.