टाकीत बॉडी आहे

ती घटना मी विसरलेली नाही. विसरावी असं पुष्कळदा वाटलं, पण ते आपल्या हातात नसतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलीस शिपाई होता, नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी मला घेतलं. हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्या घटनेच्या वेळी मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात होते. आमच्या हद्दीत एकाने वाईनचा कारखाना काढला होता. आमच्याकडे संत्री, केळी, पानमळे. द्राक्षाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. हा परदेशात शिकून आलेला. उताराची मुरमाड जमीन घेऊन त्याने काळी द्राक्षं लावली. दोन जातींची लाल वाईन वेगवेगळी करायची, मग एकत्र मिसळायची आणि बाटलीवर सातपुड्याचं नाव टाकायचं, असा त्याचा बेत. नाशिकच्या थंडीत होत नाही इतकी दाट वाईन इथल्या उन्हात होते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

मार्च महिना, द्राक्षतोडीचे दिवस. दुपारी ठाण्यात फोन आला, तो मीच घेतला. बाईचा आवाज होता.

"वाईनच्या कारखान्यात टाकीत बॉडी आहे. लवकर या."

नाव विचारलं तर फोन बंद. स्टेशन डायरीला नोंद करून फौजदार साहेब, एक शिपाई आणि मी निघालो.

मालकाने स्वतः टाकी दाखवली. स्टीलची, उंच, रिकामी, नुकतीच धुतलेली. शेजारी मशीनमध्ये द्राक्षांच्या सालींचा चोथा दाबणं चालू होतं. त्यातून गर्द जांभळी धार पडत होती. साहेबांनी फोनवरचे शब्द सांगितले, तसा मालक हसायला लागला.

"साहेब, आम्ही दिवसभर हेच बोलतो. या टाकीला बॉडी नाही, त्या टाकीत बॉडी आहे. जड, दाट वाईन असली की तिला बॉडी आहे म्हणायचं. आता हा चोथा दाबून निघालेला रस मिसळला की आणखी बॉडी येईल. कुण्या मजुरणीने ऐकलं असेल."

साहेब हसले, शिपाई हसला. मी हसले नाही, कारण मला काही समजलं नव्हतं.

"चोथा काढायला टाकीत माणूस उतरतो का?" साहेबांनी जाता जाता विचारलं.

"छे, ते काम मशीनचं."

मागच्या थंड खोलीचं दार बंद होतं. ते उघडा असं कोणी म्हटलं नाही. ठाण्यात परतल्यावर शिपाई मला म्हणाला, "काय मावशी, बॉडी फुल होती का क्वार्टर?" सगळं ठाणं हसलं.

दुसऱ्या दिवशी अंजनगावची एक मुसलमान बाई आली. तिचा नवरा त्या कारखान्यात कामाला होता आणि घरी आला नव्हता. मालकाने तिला सांगितलं की तो दारू पिऊन कामावर आला म्हणून हाकलून दिला. नवरा हरवल्याचं ती नंतर बोलली. आधी म्हणाली, "बाई, तो दारूच्या कारखान्यात राबत होता, हे खरं. मी मोहल्ल्यात सरबताचा कारखाना सांगत होती. पण त्यानं कधी थेंब तोंडाले लावला नाही. नमाजी माणूस होता."

हरवल्याची नोंद केली. काही दिवसांनी तो एका पडीक विहिरीत सापडला. मार्चच्या उन्हातलं प्रेत. डॉक्टर म्हणाले, फार कुजलंय, बुडून मेला की आधीच मेला, सांगता येत नाही. व्हिसेरा तपासायला पाठवला. पण पंचनाम्याच्या वेळी पायजमा दिसला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सारखे जांभळे, वर तुरळक डाग. तेवढ्या चोथ्यात उभं राहिल्याशिवाय तसा डाग पडत नाही.

मालकाला आणलं. साहेबांनी पायजमा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुमचं मशीन पायजमा घालतं का?" मग त्याने कबूल केलं. वाईन काढून घेतल्यावर त्या मजुराला चोथा उपसायला टाकीत उतरवलं होतं. आत साचलेल्या वायूने तो कोसळला. वर ओढला तेव्हा संपलेला होता. रात्री नेऊन विहिरीत टाकला. आम्ही गेलो तेव्हा तो थंड खोलीत होता, आणि ज्या चोथ्यात तो पडला तोच आमच्यासमोर मशीनमध्ये दाबला जात होता.

फोन करणारी बाईही सापडली. तोडीला जाणारी, घरची भाजी बाजारात विकणारी. मी तिला झापलं. "माणूस मेला असं सरळ सांगायचं. बॉडी काहून म्हटलं?"

ती म्हणाली, "पोलिसाले सांगाचं होतं न. माणूस मेला म्हटलं तर तुमी उद्या येता. तुमी लोक मेलेल्याले बॉडीच म्हणता, म्हून तुमच्या भाषेत सांगतलं."



खटला उभा राहिला. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात धरत नाहीत, तसा धरला नाही. मालकाच्या वकिलाने फोन करणाऱ्या बाईला विचारलं, "मालक टाकीजवळ बॉडी हा शब्द बोलायचे?"

"बोलत."

"तुम्ही ऐकला होता?"

"ऐकला होता."

वकील खाली बसला. बाईने वाईनचाच शब्द ऐकून फोन केला, एवढंच त्याला दाखवायचं होतं. पायजम्यावर तो म्हणाला, द्राक्षाच्या कारखान्यात डाग पडणारच. व्हिसेराच्या अहवालात दारूचा अंश आला. प्रेत कुजलं की शरीरात दारू आपोआपही तयार होते, असं डॉक्टर म्हणाले. इथे तसंच झालं का, हे खात्रीने सांगता येणार नाही, असंही त्यांनीच सांगितलं. संशयाचा फायदा देऊन मालक सुटला. ती वाईन बाजारात गेली. तिच्यात चांगली बॉडी होती म्हणतात.

लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. गुन्हा उघडकीला आणणं आणि न्याय मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आम्ही केलं. ते कुणाच्या उपयोगी पडलं, मला सांगता येत नाही.

मी निवृत्त झाल्यावर त्या मेलेल्या मजुराची बायको पत्ता काढत घरी आली. पिशवीत निकालाची प्रत होती. ती शिकली उर्दूत, मराठी वाचता येत नाही.

"त्याच्यावर काय लिवलं, ते वाचा."

मी वाचलं. मयत दारूच्या अमलाखाली विहिरीत पडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तिने पुन्हा वाचायला लावलं. पीत नव्हता असं मी वाचलं असतं, तर तिला कळलं नसतं. पण कागदावर ते नव्हतं, म्हणून वाचलं नाही.

तिने प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

"सगळ्यायनं हेच वाचलं," ती म्हणाली. "मले वाटलं, पोलीसवाली बाई येगळं वाचेल."