ब्रेकवरचा पाय

मास्तर शाळेत शिकवत नसत, गाडी चालवायला शिकवत. गावातल्या निम्म्या माणसांना आपण रस्त्यावर आणलं, असं ते स्वतःच सांगत आणि वर स्वतःच हसत.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत, पण इतका हलका की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. या पायाचा त्यांना फार अभिमान. चेहरा यथातथाच, आवाज फाटका, पण पाय मात्र देवाने फुरसतीत घडवलेला, असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाच्या बायकोला गाडी येत नव्हती. वास्तविक दोघांची ओळखच त्या गाडीत झालेली. मास्तरीणबाई तेव्हा शिकायला आल्या, तीन दिवस शिकल्या, चौथ्या दिवशी मास्तरांनी लग्नाचं विचारलं आणि शिकवणी जी थांबली ती थांबलीच. पुढे त्या विचारत आणि मास्तर म्हणत, "रविवारी बघू." रविवारी मास्तरांचं डोकं दुखे, नाहीतर गाडीचं चाक बसे. बाई चिवट. लर्निंग लायसन्सची मुदत संपली की गुपचूप जाऊन नवं काढून आणत. कपाटात त्या लायसन्सांचा गठ्ठा होता. सर्वांत खालच्या फोटोत दोन वेण्या होत्या, सर्वांत वरच्या फोटोत चष्मा.

मग ती साथ आली आणि सगळं जग दाराला आतून कडी लावून बसलं. मास्तर पहिले काही दिवस नुसते झोपले. मग त्यांच्या पायाला करमेनासं झालं. मास्तरीणबाई गरम पातेलं घेऊन लगबगीने निघाल्या की पाय जमिनीवर दाबला जाई. टीव्हीवर कुणी धावत जिना उतरला की पाय दाबला जाई. जेवताना लेकीने पाण्याचा तांब्या जरा जोरात सरकवला, तेव्हाही टेबलाखाली धप्प झालं.

एका सकाळी मास्तरीणबाई कमरेला पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"आज वार कुठला?"

"कुठला का असेना. आता सगळे सारखेच."

"तेच म्हणते मी. रोज रविवार आहे. शिकवा."

"अगं, बाहेर पाऊल टाकायला बंदी आणि गाडी कुठली काढतेस?"

"मग घरात शिकवा. गाडी आधी डोक्यात चालते, मग रस्त्यावर, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

मास्तरांनी हे वाक्य आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. ते असं अंगावर येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं. हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या गेल्या. सर्वांत मोठ्या पातेल्याचं झाकण स्टिअरिंग झालं. लेकीची चप्पल क्लच, आजींची चप्पल ब्रेक आणि मास्तरांचा जुना बूट ॲक्सिलरेटर. गिअर म्हणून तांदळाच्या डब्यात लाटणं खुपसलं. तिसरा गिअर टाकला की मूठभर तांदूळ बाहेर. आजी म्हणजे मास्तरांच्या आई. त्या खुर्च्यांच्या मागे पलंगावर बसायच्या, त्यामुळे आपोआप प्रवासी झाल्या.

"मला बाजारापाशी सोड गं," त्या सुनेला म्हणाल्या. "येताना परत घे."

"बाजार बंद आहे, आई."

"मग पेट्रोल कशाला जाळताय?"

लेक कॉलेजातली, पण कॉलेज बंद. तिच्याकडे आडवी येणारी सगळी रहदारी आली. ती बकरी होऊन आडवी गेली, काठी टेकणारा म्हातारा होऊन गेली, मग भोंगा वाजवत बस होऊन थेट स्वयंपाकघरातून आली. मास्तरांनी सवयीने आपल्या पायाशीही दोन चपला मांडून घेतल्या होत्या आणि पहिल्याच वळणावर त्यांनी त्यातली एक धाडकन दाबली.

"गाडी का थांबली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पुढे बकरी होती."

"मला दिसली होती. मी दाबतच होते."

"तू दाबेपर्यंत बकरी खपली असती."

लेक म्हणाली, "बाबा, बकरी मजेत आहे. तुम्हीच घाई केली."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाई गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर नेत, तांदूळ सांडण्याआधीच शेजारी धप्प होई. परक्या माणसाच्या वेळी पिसासारखा पडणारा पाय बायकोच्या वेळी उखळात मुसळ पडावं तसा पडे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकून निषेध नोंदवला. म्हणून सगळी गाडी उचलून गॅलरीत आणली आणि खरी धमाल तिथून सुरू झाली.

समोरच्या इमारतीत फुटबॉलचे एक निवृत्त पंच राहत. सामने बंद, शिट्टी गंजायला आलेली. दोन दिवस त्यांनी हा प्रकार नुसता पाहिला. तिसऱ्या दिवशी ते पांढरे मोजे चढवून आपल्या गॅलरीत आले, शिट्टी फुंकली आणि लाल कार्ड वर केलं. मास्तरीणबाईंनी गाडी थांबवली. पिवळं दाखवल्यावर गिअर टाकला. हिरवं कार्ड खेळात नसतं, म्हणून पंचांच्या बायकोने हिरवा टॉवेल फडकवला. सगळ्या मजल्यांवरून टाळ्या पडल्या.

त्यानंतर संध्याकाळ झाली की दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरत. कुणी चहा घेऊन येई, कुणी वाटाणे सोलत बसे. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारी, "वहिनी, स्टेशनकडे जाताय का? एक सीट आहे?" आणि आजी मागून उत्तर देत, "गाडी भरली." बाईंचा हात बसत चालला. त्या सिग्नलला बरोबर थांबत, आरशात बघत (आरसा म्हणजे दोरीला टांगलेली ताटली), वळताना हात दाखवत. फक्त शेजारचं धप्प काही थांबेना. रात्री भांडी आवरताना त्या लेकीला म्हणाल्या, "मी एकदा तरी चालवणार आहे गं. पण यांच्या पायाचं काय करायचं?"

आणि मग त्या पायानेच स्वतःचं काय ते करून घेतलं.

त्या दिवशी गाडी फारच सुरेख चालली होती. बाई चौथ्या गिअरवर, आजी मागे पेंगलेल्या, तांदळाचा एक दाणा सांडलेला नाही. पंचांनी अचानक लाल कार्ड काढलं. बाईंनी ते पाहिलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ब्रेककडे नेला. तेवढ्यात मास्तरांनी सारी ताकद लावून आपली चप्पल दाबली. चप्पल निसटली, पाय पुढे गेला आणि कठड्याच्या लोखंडी गजावर आपटला. कट् असा आवाज समोरच्या इमारतीतही ऐकू गेला म्हणतात. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

उजवा पाय बघता बघता टम्म फुगला. रुग्णवाहिकेला फोन लावावा, तर मास्तरीणबाईच म्हणाल्या, "नको. लोकांचे श्वास अडकलेत तिथे. पायासाठी कुठे गाडी मागता?" त्यांनी तोंडाला मास्क लावला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. खरी किल्ली.

"अगं, समोरच्या पंचांना बोलावू," मास्तर कळवळत म्हणाले.

"ते कालपासून खोकताहेत."

"मग दुसरं कुणी बघू."

बाई दारात थांबल्या. "एक सांगा. इतके दिवस तुम्ही मला शिकवलंत, ते खरं होतं की खेळ होता?"

मास्तर लेकीच्या खांद्यावर भार टाकून, एका पायावर उड्या मारत जिना उतरले. त्यांना गाडीत बसवून लेक आजींपाशी परत गेली.

गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला. उजवा पाय निकामी, पण डावा होता ना. पहिल्याच वळणावर डावा पाय आपसूक ब्रेकवर गेला आणि गाडीने गचका खाल्ला. दुखऱ्या पायातून कळ थेट कानापर्यंत गेली. रस्ता इतका मोकळा होता की बाईंना हसूच येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा गाडी हाती आली, तर सगळ्या गावाने रस्ता सोडून दिलेला.

चौकात पोलिसाने अडवलं.

"कुठे निघालात?"

"दवाखान्यात. यांचा पाय मोडलाय."

"कसा?"

"ब्रेक दाबताना," मास्तर म्हणाले.

पोलिसाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "गाडीला तर ओरखडाही नाही."

"ही गाडी नव्हती."

"मग कुठली?"

मास्तरांनी खाली बघत सांगितलं, "गॅलरीतली."

पोलीस सकाळपासून उभा होता. त्याने सारं शांतपणे ऐकून घेतलं. मग लायसन्स मागितलं. ते शिकाऊ निघालं. शिकवणारे कोण, असं विचारलं, तर बाईंनी शेजारी बोट दाखवलं. पोलिसाचे खांदे हलायला लागले. "जा बाई, जपून न्या," तो कसाबसा म्हणाला. "आणि यांना पुन्हा गॅलरीत सोडू नका."

दवाखाना चढावर होता. फाटक दिसायला लागलं तोच समोरून एक रुग्णवाहिका आली. तिला वाट द्यायला बाईंनी गाडी कडेला घेऊन थांबवली, अगदी व्यवस्थित. पण चढावर थांबलेली गाडी पुन्हा वर चढवणं म्हणजे नवख्या माणसाची सत्त्वपरीक्षा. इंजिन गुरगुरलं, गाडी हलली नाही, बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी खाली वाकून बघितलं.

"अहो, तुमचा पाय ब्रेकवर आहे. गाडी चढणार कशी?"

"मागे जाईल गं."

"जाईल तर मी थांबवीन. तुमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना तुम्ही असं करता?"

मास्तर दुखण्यामुळे म्हणा, धीर सुटल्यामुळे म्हणा, एकदम बोलायला लागले.

"शिकली की माणसं जातात. महिनाभर शेजारी बसतात, घरच्या गोष्टी सांगतात, हात थरथरला की माझ्याकडे बघतात. आणि एकदा आलं की गेली. रस्त्यात दिसली तरी हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. तू तर तिसऱ्याच दिवशी छान चालवायला लागलीस. मला वाटलं, आठवड्यात हिचंही संपेल. म्हणून घाईघाईने लग्नाचं विचारलं. आणि पुढेही मनातली ती भीती गेलीच नाही."

मास्तरीणबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या की मास्क नाकावरून घसरला. हसता हसता मधेच त्या थांबल्या.

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, की मीच ढ आहे."

मास्तरांना पायापेक्षा हे जास्त लागलं. आपण बायकोला जपतो आहोत, असं ते स्वतःला सांगत आले होते. तिच्या बाजूने हे कसं दिसत असेल, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मला कुठे पळून जायचंय हो?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "भाजी आणायची होती. आईला भेटून यायचं होतं. जायचं म्हणजे यायचंही असतं. पाय वर घ्या."

मास्तरांनी डावा पाय उचलला, सीटवर दुमडला आणि त्याच्यावर बसले. बाईंनी क्लच हळूहळू सोडला. गाडी बोटभर मागे गेली, मास्तरांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा गाडी फाटकाशी होती.

फाटकावरच्या माणसाने सांगितलं, पेशंट एकटाच आत येईल, गाडी मागच्या आवारात न्या. मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि बाई गाडी घेऊन एकट्या निघून गेल्या. मास्तर मान वळवून पाहत राहिले. गाडी कोपऱ्याआड गेली. पायाचं एक बारीक हाड मोडलं होतं. हाड कसं मोडलं ते ऐकताना अंगभर प्लास्टिक घातलेल्या डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यापुढची काच हसून हसून धुकट झाली.

प्लास्टर घालून मास्तर बाहेर आले, तर फाटकाशी गाडी नव्हती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून गाडीचा मागचा दिवा दिसला, मग मागचं चाक, मग सगळी गाडी. उलटी येत होती, सरळ रेषेत, रमतगमत.

"मागे चिटपाखरू नाही," बाई काच खाली करून म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "इतका वेळ चकराच मारत होते. रिव्हर्स पण येतो की मला."

पाय लांब पसरून ठेवायला सांगितला होता, म्हणून मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं. तिथे ब्रेक नव्हता. क्लचही नव्हता. त्यांनी पाय सीटवर पसरला, डोकं काचेला टेकलं आणि चढ उतरून जाईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली. जन्मभर चालत्या गाडीत त्यांचा डोळा कधी लागला नव्हता.

चौकात तोच पोलीस उभा होता. त्याने वाकून पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"शिकवणारे कुठे गेले?"

बाईंनी मागे बोट दाखवलं. मास्तर तोंड उघडं टाकून घोरत होते. पोलिसाने आवाज न करता अडसर वर उचलला आणि बाईंनी गाडी इतक्या हळुवारपणे पुढे नेली, की मास्तरांचं घोरणं काही थांबलं नाही.