हरलेल्या टीमवर लावा

बर्नडीन हुडाकला मिलर्स बेंडमध्ये दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे तिच्या हातची पिरोगी, आणि दुसरी म्हणजे तिचा नियम: मागच्या आठवड्यात जी टीम हरली, तिच्यावर या आठवड्यात पैसे लावा.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात पोलादाचा कारखाना बंद पडला, नवरे घरी बसले, काही देवाघरी गेले. बर्नडीनचा त्यातलाच. फुटबॉल तेवढं राहिलं, तेही अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचं. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमत आणि बटाट्याचं सारण भरून करंजीसारखे पिरोगीचे काठ दाबत बसत. हात पिठात, तोंड फुटबॉलमध्ये. फादर वरच्या मजल्यावर असत आणि त्यांना काही ऐकू येत नसे, म्हणजे त्यांनी तसं ठरवूनच टाकलं होतं.

टायरच्या दुकानातला चेट दर आठवड्याला प्रत्येक सामन्याची ‘लाइन’ काढी. जड टीमने, म्हणजे जी जिंकणार असं सगळे धरून चालत तिने, नुसतं जिंकून भागत नसे. चेट सांगेल त्याहून जास्त गुणांनी जिंकली, तरच तिच्यावर लावणाऱ्याला पैसे. इतर गावांत हे धंदे मोठ्या क्लबांवर चालत. मिलर्स बेंडमध्ये शाळेच्या पोरांवरही चालत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

“लाइन काय टीमची असते होय?” बर्नडीन सांगे. “लाइन लोकांच्या मनाची असते गं. टीम एकदा हरली की लोक तिला मेलीच समजतात. मग चेट लाइन खाली आणतो. आणि पोरं तर चिडलेली असतात. तिथंच साधायचं.”

नियम दर वेळी खरा ठरे असं नाही, पण पुष्कळदा ठरे. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणा हवं तर. गावातले पुरुषसुद्धा तिचा कौल विचारायला येत.

फक्त एका टीमवर ती कधी लावत नसे. तिचा ग्रेग शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक होता. चेंडू त्याच्या हातात, खेळ त्याच्या डोक्यात. सातवीत असताना त्याने, जिंकूनही लाइन गाठली नाही म्हणून एका मुलाला बापेमाणसांनी शिव्या घातलेल्या ऐकल्या होत्या. घरी येऊन म्हणाला होता, “आई, माझ्यावर कधी लावू नकोस. बाकी कुणावरही लाव.” पोराने आयुष्यात तिच्याकडे हट्टाने मागितलेली ही एकच गोष्ट. तिने ती पाळली होती.

मग त्याच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षी टीम एका शनिवारी सपाटून हरली. ग्रेगने तीनदा चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला. गावाने तोंड वाकडं केलं. पुढचा सामना दुबळ्या टीमशी होता, तरी चेटने लाइन आणली साडेसहावर, म्हणजे सात गुणांनी जिंकलं की पैसे.

“साडेसहा!” ओल्गा युरिक पिठाचा गोळा हातात धरून ओरडली. “बर्नी, अगं तुझाच नियम! आणि तुझाच पोरगा! आता गप्प बसतेस होय?”

बर्नडीन गप्प बसली नाही. गावाचा विश्वास उडाला तरी आईचा असायला नको का, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की कारणांना तोटा नसतो. तिने लावले, आणि तिचं बघून अख्ख्या तळघराने लावले.

शनिवारी दुपारी ग्रेग असा खेळला की बस्स. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा टीम चार गुणांनी पुढे, चेंडू ग्रेगकडे, आणि समोरची गोलरेषा अगदी हाकेच्या अंतरावर. एकदा आत घुसला की आणखी सहा गुण, आणि साडेसहाची लाइन पार.

पण जिंकलेल्याने शेवटी हरलेल्यांना तुडवायचं नाही, ही तिथली रीत. चेंडू घ्यायचा, एक गुडघा जमिनीला टेकायचा, म्हणजे डाव तिथंच थांबतो आणि घड्याळ पळत राहतं. ग्रेगने गुडघा टेकला. समोरच्या दमलेल्या पोरांनीही हात खाली सोडले.

बाकांवर चिडीचूप. मग कुणीतरी ओरडलं, “ऊठ! पळ की, भित्र्या! पळ!”

बर्नडीनने रागाने वळून पाहिलं, कोण मेलं माझ्या पोराला बोलतंय म्हणून. मागे ओल्गा तोंडावर हात ठेवून तिच्याकडेच बघत होती. तेव्हा तिला कळलं, आवाज आपला होता. 

पण तोवर बांध फुटला होता. तिचं ऐकून सगळी बाकं ओरडायला लागली. जिंकलेल्या आपल्याच टीमची अख्खं गाव हुर्यो उडवत होतं. मैदानात ग्रेगने गुडघा टेकलेला ठेवूनच मान वर केली आणि बरोबर तिच्याकडे पाहिलं. आईचा आवाज पोराला हजारांत ओळखू येतो.

सामना संपला. खेळून झालं की पोरं कुंपणापाशी येऊन आईला भेटत. ओल्गा आणि बाकीच्या केव्हाच पांगल्या होत्या. बर्नडीनला वाटलं, तो येणारच नाही. पण तो आला. शिरस्त्राण काखेत, तोंड चिखलाने माखलेलं.

“छान खेळलास रे,” ती म्हणाली. तिचं तिलाच ते ऐकवेना.

“कितीची लाइन होती, आई?”

नाही म्हणायचं, रडायचं, माफी मागायची, यातलं काहीही तिला करता आलं असतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने जीभ पुढे धावली.

“साडेसहा.”

ग्रेगने शिरस्त्राण एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे तुझ्यापुरता मी हरलोच की,” तो म्हणाला आणि एकटाच कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागला.

 पलीकडच्या कुंपणापाशी हरलेल्या पोरांना त्यांच्या आया जवळ घेत होत्या.